इंजिन बंद पडते तेव्हा : सेंत-एक्झुपेरीच्या लेखनातील एका बदलाविषयी

फ्रेंच लेखक आंत्वान द सेंत-एक्झुपेरी यांचे ‘द लिटल प्रिन्स’ हे छोटेखानी पुस्तक आता आपल्या समाजात परके राहिलेले नाही. जगातील शेकडो भाषांत ते गेले आहे आणि मराठी वाचकालाही अनुवादातून भेटलेले आहे. विवाहविधीतील प्रवचनांत, युवाशिबिरांत, शिक्षकांच्या निरोपसमारंभांत त्यातील कोल्ह्याचे बोल हमखास ऐकू येतात. आम्हा धर्मगुरूंना तर तो कोल्हा फारच सोयीचा पडतो. त्याच्या दोन वाक्यांवर दहा मिनिटांचे प्रवचन सहज उभे राहते. त्यात वावगे काही नाही. परंतु पुस्तकातील एखादे वाक्य असे सुटे काढून वारंवार वापरले की ते वाक्य गुळगुळीत होते आणि ज्या जमिनीतून ते उगवले ती जमीन वाचकाच्या नजरेआड जाते.

या पुस्तकाची जमीन म्हणजे सहारा वाळवंट, आणि त्या वाळवंटात कथेचा निवेदक पोहोचतो तो इंजिनातील बिघाडामुळे. दुसऱ्या प्रकरणाच्या आरंभीच तो आपल्याला सांगतो की, आपल्या विमानाच्या इंजिनात काहीतरी मोडले, सोबत ना यंत्रज्ञ होता ना प्रवासी, पिण्याचे पाणी जेमतेम आठ दिवसांचे होते आणि दुरुस्ती एकट्यालाच करायची होती. राजपुत्र, मेंढी, गुलाब, कोल्हा हे सर्व त्या मोडलेल्या भागाच्या मागून येतात. इंजिन मोडले नसते तर कथाच नव्हती. असे असूनही या पुस्तकावर लिहिणारे बहुतेक जण त्या इंजिनाला ओलांडून पुढे जातात. प्रस्तुत लेखात मला तेथेच थोडे थांबायचे आहे. कारण, वाचकहो, लेखकाच्या प्रत्यक्ष आयुष्यात ज्या अपघातावरून हे दृश्य घेतले गेले त्या अपघातात इंजिन मोडलेलेच नव्हते.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी लहान विमानाचे इंजिन बंद पडते म्हणजे नेमके काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. आपल्यापैकी पुष्कळांची अशी समजूत असते की, इंजिन थांबले की विमान दगडासारखे खाली कोसळते. वस्तुस्थिती तशी नाही. विमानाला पेलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनाचे काम त्या पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहती ठेवणे एवढेच. इंजिन गेले तरी नाक थोडे खाली झुकवून उंची खर्च करीत तो वेग राखता येतो आणि विमान घारीसारखे तरंगत उतरू लागते. चार आसनांचे, एका इंजिनाचे आजचे साधारण विमान अशा वेळी एक मीटर उंची गमावून सुमारे नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे एक हजार मीटर उंचीवर इंजिन थांबले, तर वारा नसताना वैमानिकाच्या हाती सुमारे नऊ किलोमीटरचे अंतर आणि चार-साडेचार मिनिटांचा अवधी असतो. त्या अवधीत योग्य वेग धरायचा, वारा कुठून आहे ते पाहायचे, शेत किंवा मोकळे मैदान निवडायचे, इंधनाची दुसरी टाकी उघडून पाहायची, कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचला असल्यास त्याला उष्णता द्यायची, रेडिओवरून संकटाची हाक द्यायची आणि अखेर काहीच साधले नाही तर विमान ताब्यात ठेवूनच जमिनीला टेकवायचे. बर्फाचे नाव ऐकून आश्चर्य वाटेल. पण हवा दमट असली तर वीस अंश तापमानातही कार्ब्युरेटरच्या नळीत बर्फ धरतो.

यातील सर्वांत अवघड गोष्ट यंत्राची नसून मनाची आहे. इंजिन थांबताच वैमानिकाचा हात दांडा आपल्याकडे ओढू पाहतो, कारण जमीन जवळ येताना दिसते आणि माणसाला वर जावेसे वाटते. नेमके तेच घातक ठरते. नाक वर गेले की वेग मरतो, पंखांवरील हवेची पकड सुटते आणि मग मात्र विमान खरोखरच कोसळते. वोल्फगांग लांगेवीश यांचे ‘स्टिक अँड रडर’ हे १९४४ सालचे पुस्तक आजही वैमानिक वाचतात, ते मुख्यतः हा एकच उलटा धडा ते न कंटाळता पटवून देते म्हणून. उड्डाण करताच इंजिन गेले तर मागे वळून धावपट्टीकडे येण्याचा मोह टाळावा, समोर जे दिसेल त्यात उतरावे, ही शिकवणही त्याच जातीची. घराकडे वळण्याच्या ओढीने कित्येकांचे प्राण गेले आहेत.

आणखी एक गोष्ट. ‘इंजिन बंद पडले’ हा शब्दप्रयोग दिसतो तितका निरागस नसतो. पुष्कळदा इंजिन निर्दोष असते. त्याला पेट्रोल मिळालेले नसते. टाकी रिकामी झालेली असते, किंवा एक टाकी रिकामी आणि दुसरी भरलेली असून मधली चावी फिरवायची राहून गेलेली असते. अशा वेळी दोष यंत्राचा म्हणावा की माणसाचा? अपघाताची चौकशी करणाऱ्यांना हा प्रश्न नित्य पडतो. साहित्याच्या वाचकालाही तो पडला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

सेंत-एक्झुपेरी यांना खरी इंजिने मोडताना पुरेपूर पाहायला मिळाली होती. १९२६ साली ते लातेकोएर यांच्या टपाल विमानसेवेत रुजू झाले. तूलूझहून स्पेनवरून कासाब्लांका आणि तेथून सहाराच्या किनाऱ्याने डाकारपर्यंत ही टपालविमाने जात. पहिल्या महायुद्धातून उरलेली ब्रेगे-१४ जातीची ती विमाने होती. त्यांचे कनेक्टिंग रॉड तुटत, पाणी गळे, आणि मग वैमानिकाला जिथे असेल तिथे वाळूवर उतरावे लागे. म्हणून धोक्याच्या टप्प्यात दोन विमाने जोडीने जात. एक पडले तर दुसऱ्याने उतरून त्याच्या वैमानिकाला उचलावे, अशी व्यवस्था होती. त्या प्रदेशातील मूर टोळ्या पडलेल्या वैमानिकांना पकडून खंडणी मागत, कधी ठार करीत. १९२७ च्या अखेरीस सेंत-एक्झुपेरी केप जुबी येथील धावपट्टीचे प्रमुख झाले. ते ठिकाण आज मोरोक्कोत तारफाया या नावाने ओळखले जाते. पडलेली विमाने परत आणणे आणि टोळ्यांशी बोलणी करून माणसे सोडवणे हा तेथील त्यांच्या कामाचा मोठा भाग होता.

या अनुभवांतून ‘तेर देझोम’ हे त्यांचे १९३९ चे पुस्तक आले. त्याला फ्रेंच अकादमीचा कादंबरीसाठीचा मोठा पुरस्कार मिळाला, वास्तविक ते कादंबरी मुळीच नाही. त्याच वर्षी लुईस गालांतिएर यांचा इंग्रजी अनुवाद ‘विंड, सँड अँड स्टार्स’ या नावाने अमेरिकेत निघाला. हे पुस्तक थोर आहे, यात मला शंका नाही. तरी एक उणीव नमूद केली पाहिजे. मूर लोकांचे चित्रण करताना लेखकाची सहानुभूती खरी आहे, पण आपल्या डोक्यावरून परक्यांची विमाने का जातात आणि ती पडली तर आपल्या वाळूवर का पडतात, हे प्रश्न त्या लोकांच्या बाजूने पुस्तकात क्वचितच विचारले जातात. वाळवंट लेखकाला जणू ईश्वराने त्याच्या आत्मशोधासाठी मोकळे ठेवलेले दिसते. तेथे राहणाऱ्यांना ते तसे दिसत नसणार.

आता त्या प्रत्यक्ष अपघाताकडे येऊ. १९३५ च्या डिसेंबरात सेंत-एक्झुपेरी यांनी पॅरिस ते सायगाव हा प्रवास विक्रमी वेळात पुरा करण्याचा घाट घातला. वर्ष संपण्यापूर्वी आधीचा विक्रम मोडणाऱ्यास दीड लाख फ्रँकचे बक्षीस होते आणि लेखकमहाशय त्या वेळी कर्जात बुडालेले होते. विमान त्यांच्या स्वतःच्या मालकीचे, कोद्रों-सिमून जातीचे. सोबत आंद्रे प्रेव्हो हे यंत्रज्ञ. वजन वाचवण्यासाठी रेडिओ घेतलेला नव्हता. २९ डिसेंबरच्या पहाटे ते पॅरिसहून निघाले, ट्युनिसवरून बेंगाझीला आले आणि रात्री तेथून कैरोच्या दिशेने उडाले. बेंगाझीला मिळालेल्या हवामानाच्या माहितीप्रमाणे वारा पाठीमागून असायला हवा होता. चार तासांहून अधिक वेळ उडाल्यावर नाईल नदी आता खाली आलीच असेल, या हिशेबाने ते ढगांखाली उतरू लागले. वारा प्रत्यक्षात उलटा होता. नाईल अद्याप दूर होती. उंचीमापकाचा आकडा हवेच्या दाबाप्रमाणे दुरुस्त करून घेण्याची सोय रेडिओअभावी नव्हती. ३० डिसेंबरच्या पहाटे पावणेतीनच्या सुमारास, ताशी २७० किलोमीटर वेगाने, इंजिन व्यवस्थित चालू असताना, ते विमान एका पठाराच्या हलक्या चढावर आपटले.

दोघेही वाचले, ते जमिनीच्या रचनेमुळे. उतार मंद होता आणि त्यावर काळे गोल दगड पसरलेले होते. विमान त्या दगडांवरून, चाकातल्या छर्‍यांवरून सरकावे तसे घसरत गेले. विमानाचा चुराडा झाला, पाण्याच्या टाक्या फुटल्या. उरले ते थोडी कॉफी, थोडी वाइन, काही द्राक्षे आणि एक संत्रे. पुढे त्यांनी पंखांवरचे दव फडक्याने टिपून प्याले, पॅराशूट पसरून दव गोळा केले आणि त्या दूषित पाण्याने ओकाऱ्या काढल्या, मृगजळांच्या मागे वणवण केली. अखेर एका बदाऊनी अरबाने त्यांना पाहिले आणि पाणी दिले. ‘तेर देझोम’मधील या प्रकरणाच्या शेवटी त्या अनाम अरबाला उद्देशून जो परिच्छेद आहे, तो मला साऱ्या पुस्तकाचा कळस वाटतो. लेखकाचे शालेय शिक्षण जेझुइट धर्मगुरूंकडे ल मां येथे झाले होते. पुढे त्याची श्रद्धा टिकली नाही, तरी पाण्याविषयी आणि पाणी देणाऱ्या हाताविषयी लिहिताना जुने संस्कार आपोआप बोलू लागतात. प्रवचनाचा आव मात्र तेथे नाही.

तेव्हा प्रत्यक्षात घडले ते दिशेच्या आणि उंचीच्या अंदाजाची चूक, आणि १९४३ साली न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लिटल प्रिन्स’मध्ये त्या जागी आला इंजिनातील बिघाड. प्रत्यक्षात दोघे होते, कथेत एक आहे. प्रत्यक्षात एका दिवसाचेही पाणी नव्हते, कथेत आठ दिवसांचे आहे. ललित लेखक असे बदल करतो हे खरे. पण प्रत्येक बदलाची काहीतरी किंमत असते आणि काहीतरी प्राप्ती. या बदलांची प्राप्ती काय, आणि किंमत कोणी मोजली?

पहिले आणि सहज सुचणारे उत्तर असे की, लेखकाने स्वतःला निर्दोष करून घेतले. सेमिनरीत नीतिशास्त्राच्या वर्गात कोणत्याही आचरणाची तीन अंगे आम्हाला तपासायला लावीत : प्रत्यक्ष कृती, तिच्यामागील हेतू आणि भोवतालची परिस्थिती. ही चाळणी ‘तेर देझोम’ला लावून पाहावी. परिस्थिती, म्हणजे वारा, ढग आणि अंधार, लेखकाने अप्रतिम रंगवली आहे. कृती, म्हणजे ढगांखाली उतरण्याचा निर्णय, तोही त्याने प्रामाणिकपणे सांगितला आहे. हेतूच्या बाबतीत मात्र पुस्तक हात आखडते. लांबच्या उड्डाणाचा ओझरता उल्लेख येतो. दीड लाख फ्रँक, कर्ज, वर्षअखेरची मुदत आणि त्यापायी झालेली धावपळ यांविषयी पुस्तक जवळजवळ मौन पाळते. मग कथेत तर वारा, ढग, निर्णय हे सर्वच पुसून टाकून केवळ इंजिनातील ‘काहीतरी’ उरवले, हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल नव्हे काय?

मला हे उत्तर अपुरे वाटते. पूर्ण चुकीचे नव्हे, अपुरे. कारण कथेत इंजिन मोडल्यामुळे एक अशी गोष्ट शक्य झाली आहे की जी प्रत्यक्षातील अपघाताने कधीच शक्य झाली नसती. लिबियाच्या वाळवंटात विमानाचे तुकडे झाले होते; दुरुस्त करण्यासारखे काही उरलेच नव्हते; चालत राहणे एवढेच हाती होते. कथेतील वैमानिकाला मात्र काम आहे. त्याच्या हातात हातोडी आहे, बोटे वंगणाने काळी झाली आहेत, एक घट्ट बसलेला बोल्ट काही केल्या निघत नाही आणि पाणी संपत आले आहे. नेमक्या त्याच वेळी ते पोर येऊन विचारते की मेंढ्या जर फुले खातात तर फुलांना काट्यांचा उपयोग काय. वैमानिक वैतागतो. आपण महत्त्वाच्या कामात आहोत, असे तो तोडून सांगतो. आणि मग त्या मुलाचा संताप, त्याचे रडणे, आणि हातातील हातोडी, बोल्ट, तहान, मरण सारे बाजूला ठेवून त्याला जवळ घेणारा वैमानिक. माझ्या मते पुस्तकाचा कणा हे सातवे प्रकरण आहे, कोल्ह्याचे एकविसावे नव्हे. आणि मोडलेल्या इंजिनावाचून ते प्रकरण उभेच राहू शकत नाही. वैमानिकाचे काम खरोखरच जीवनमरणाचे आहे. तो आळशी नाही, पैशाचा हिशेब मांडणारा व्यापारी नाही. त्याचे म्हणणे योग्यच आहे, आणि तरीही तो त्या मुलापुढे चुकतो. संसारात अडकलेल्या आईबापांना या प्रसंगाची ओळख वेगळी करून द्यायला नको. कार्यालयातून थकून आलेला बाप आणि दप्तर उघडून बसलेले मूल आपण घरोघरी पाहतो. त्या बापाचे कामही खोटे नसतेच.

शिवाय लेखकाने तो बिघाड कोणता हे अखेरपर्यंत सांगितलेले नाही. शेवटी दुरुस्ती सर्व आशा सोडल्यावर यशस्वी होते. वैमानिक ती वार्ता सांगायला येतो तर राजपुत्राला ती आधीच कळलेली असते. पण काय मोडले होते? तो टपालविमानांवर वाढलेला माणूस होता. मनात आणले असते तर भागाचे नाव, क्रमांक, सर्व देऊ शकला असता. त्याने ते गाळले, कारण नाव दिले असते तर वाचकाचे लक्ष यंत्राकडे गेले असते. त्याला हवे होते ते यंत्राजवळ वाकलेल्या माणसाकडे. येथे मला लेखकाचा संयम दिसतो, लपवाछपवी नव्हे.

मात्र दुसऱ्या बदलाला मी इतक्या सहजपणे मान्यता देणार नाही. प्रेव्हो कुठे गेले? ‘तेर देझोम’मध्ये प्रेव्हो जिवंत आहेत. रात्री ते रडतात तेव्हा स्वतःसाठी रडत नाहीत, घरी वाट पाहणाऱ्यांसाठी रडतात. आणि घरचे ते लोकच खरे संकटात आहेत, त्यांना वाचवायला आपण धावले पाहिजे, हा पुस्तकातील विलक्षण विचार त्या दोघांच्या सहवासातून फुलतो. ढिगाऱ्यात संत्रे सापडते आणि ते दोघे ते वाटून खातात. कथेत यंत्रज्ञ मुद्दाम अनुपस्थित ठेवला आहे, आणि त्याची हत्यारे वैमानिकाने स्वतःच्या हाती घेतली आहेत. प्रत्यक्ष आयुष्यात इंजिनावर वाकणारे, काळ्या बोटांचे गृहस्थ प्रेव्हो होते. एकांतावाचून राजपुत्र दिसला नसता हे मला कळते. परंतु दोन माणसांच्या तहानेतून जे मिळाले ते एका माणसाच्या स्वप्नात ओतले गेले आणि त्यात कष्टकऱ्याचे नाव गळाले, असे नेहमी का घडावे? विमानाच्या इतिहासात वैमानिकांचे पुतळे उभे राहतात. ज्यांनी रात्र रात्र जागून इंजिने चालती ठेवली, त्यांची नावे शोधावी लागतात.

इजिप्तच्याच भूमीवर पाच वर्षे आधी घडलेली एक गोष्ट येथे आठवते. १९३० च्या मे महिन्यात आगा खान पारितोषिकासाठी भारत आणि इंग्लंड यांच्या दरम्यान एकट्याने उडण्याची चढाओढ चालू होती. जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे, तर अस्पी इंजिनियर हा पोरसवदा तरुण इंग्लंडहून कराचीकडे निघालेला. अलेक्झांड्रियाजवळ दोघांची गाठ पडली, तेव्हा अस्पीचे विमान स्पार्क प्लगअभावी अडून पडले होते. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग त्याला दिले. पारितोषिक अस्पीने जिंकले. पुढे तो भारतीय हवाई दलाचा प्रमुखही झाला. या प्रसंगावर कोणी मोठे पुस्तक लिहिले नाही. लिहिण्याजोगा तो खास आहे.

‘तेर देझोम’ ज्यांना अर्पण केले आहे त्या आंरी गीयोमे यांचा वृत्तांत मला वाळवंटाच्या प्रकरणापेक्षाही सरस वाटतो. जून १९३० मध्ये, म्हणजे तेथील ऐन हिवाळ्यात, अँडीज पर्वत ओलांडताना हिमवादळाने त्यांचे पोतेझ विमान खाली दाबले. इंजिन चालत होते; पण वाट दिसत नव्हती. लागुना दियामान्ते या सरोवराभोवती ते पेट्रोल संपेपर्यंत घिरट्या घालत राहिले आणि मग उतरले. विमान बर्फात उलटले. टपालाच्या थैल्यांच्या आडोशाने त्यांनी वादळ काढले आणि नंतर पाच दिवस व चार रात्री ते चालत राहिले. या चालण्यातील एक तपशील असा आहे की तो कल्पनेने सुचणार नाही. बर्फात पडून राहण्याचा मोह अनावर झाला असता गीयोमे यांना पत्नीच्या विम्याची आठवण झाली. मृतदेह सापडला नाही तर कायद्याने मृत्यू मान्य व्हायला चार वर्षे जातात. तोवर तिचे कसे व्हायचे? पुढे एक खडक दिसत होता. तेथवर गेलो तर उन्हाळ्यात देह सापडेल, म्हणून ते उठले. एकदा उठले ते चालतच राहिले. कोणी म्हणेल, विम्याचा विचार हा काय वीराला शोभणारा विचार! सेंत-एक्झुपेरी यांनी मात्र हे नेमके हेरले की मित्राचे मोठेपण मृत्यूला तुच्छ मानण्यात नसून आपण कोणाचे देणे लागतो हे न विसरण्यात आहे. येथे यंत्र नाही, वाळूचे तत्त्वज्ञान नाही. एक माणूस, त्याची बायको आणि विम्याचे कलम.

याच्या शेजारी बेरिल मार्कम या स्त्रीवैमानिकेचे ‘वेस्ट विथ द नाइट’ हे १९४२ चे पुस्तक ठेवून पाहावे. मार्कम इंग्लंडात जन्मल्या आणि केनियात वाढल्या. ४ सप्टेंबर १९३६ च्या संध्याकाळी इंग्लंडातील अॅबिंग्डन येथून त्या व्हेगा गल जातीच्या विमानातून एकट्या अटलांटिक ओलांडायला निघाल्या. इंधनाच्या जादा टाक्यांना मापक नव्हता. एक टाकी पूर्ण रिकामी होऊ द्यायची, इंजिन थांबू द्यायचे आणि मग दुसरीची चावी उघडायची, अशी रीत होती. पहिल्यांदा ते घडले तेव्हा खाली रात्रीचा समुद्र होता. अंधारात चावी चाचपणारा हात, इंजिनाची स्तब्धता आणि उंचीमापकाची उतरती सुई यांचे ते वर्णन मी वाचलेल्या या विषयावरील वर्णनांत सर्वांत नेमके आहे. त्यात उपमा फार नाहीत. समुद्राकडेच नाक झुकवायचे हे बुद्धीला कळते आणि हाताला पटत नाही, हा वर सांगितलेला उलटा धडा तेथे प्रत्यक्ष अनुभवाला येतो. सुमारे साडेएकवीस तासांनंतर, किनारा दृष्टिपथात आल्यावर, शेवटच्या टाकीच्या हवेच्या वाटेत बर्फ अडकल्याने इंजिन आचके देऊ लागले आणि कॅनडातील केप ब्रेटन बेटावर बालीन येथे ते विमान दलदलीत नाकावर उतरले.

हे पुस्तक खरोखर मार्कम यांनी लिहिले की त्यांच्या तिसऱ्या पतीने, असा वाद १९८३ साली ते पुन्हा छापले गेल्यानंतर बराच रंगला. मला त्यात विशेष रस नाही. शब्द कोणी घासूनपुसून घेतले असतील ते असोत. त्या काळोखात चावी शोधणारा हात उसना घेता येत नाही. सेंत-एक्झुपेरी यांच्याहून मार्कम लहान लेखिका आहेत. पण इंजिन का थांबले हे त्या सरळ सांगतात आणि त्यातून कोणतेही विश्वसत्य काढायला जात नाहीत. कधी कधी ‘तेर देझोम’च्या शेवटच्या प्रकरणातील भारदस्त सामान्य विधाने वाचताना मला त्या कोरडेपणाची आठवण येते.

कारण बदलण्याचे तिसरे उदाहरण रोआल्ड डाल यांचे. मुलांचे लाडके लेखक म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिश हवाई दलाचे ग्लॅडिएटर विमान घेऊन ते आपल्या तुकडीचा तळ शोधत होते. सांगितलेल्या जागी तळ दिसेना, अंधार होऊ लागला, इंधन सरत आले. लिबियाच्या वाळवंटात सक्तीने उतरताना विमान दगडावर आदळले आणि डाल यांच्या डोक्याला जबर इजा झाली. दोन वर्षांनी एका अमेरिकन साप्ताहिकात या अनुभवावरचा त्यांचा पहिला लेख छापून आला, त्याचे शीर्षक होते ‘शॉट डाउन ओव्हर लिबिया’. शत्रूने पाडल्याचा आभास त्यात निर्माण झाला. युद्धाचे दिवस होते, शत्रूच्या गोळीला जी प्रतिष्ठा ती चुकलेल्या वाटेला कोठून असणार! १९८६ च्या ‘गोइंग सोलो’ या आत्मकथनात डाल यांनी आपल्याला कोणी पाडले नव्हते हे स्पष्ट केले. दोन्ही मजकूर ताडून पाहिले म्हणजे दिसते की सत्य सांगणारा मजकूर अधिक वाचनीयही आहे. खोटी गोळी काढून टाकल्यावर तेथे संध्याकाळ येते, काटा खाली येणारा इंधनमापक येतो आणि आपल्याला कोणीतरी चुकीची जागा सांगितली आहे हे हळूहळू उमगत जाणारा चोवीस वर्षांचा मुलगा येतो. सेंत-एक्झुपेरी यांच्या बदलाने कथेला काही दिले. डाल यांच्या पहिल्या बदलाने कथेचे काढून घेतले. दोहोंना एकाच मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

सेंत-एक्झुपेरी यांचा स्वतःचा अंत ३१ जुलै १९४४ रोजी झाला. कॉर्सिका बेटावरून टेहळणीसाठी निःशस्त्र लॉकहीड विमान घेऊन ते गेले आणि परतले नाहीत. १९९८ मध्ये मार्सेयजवळ एका कोळ्याच्या जाळ्यात त्यांचे नाव कोरलेले चांदीचे कडे आले. पुढे समुद्रतळाशी विमानाचे अवशेष मिळाले, ते २००३ साली वर काढण्यात आले आणि २००४ मध्ये त्यांची ओळख पटली. इंजिनात बिघाड झाला, प्राणवायू अपुरा पडला की शत्रूने पाडले, हे त्या अवशेषांवरून ठरवता आलेले नाही.

वाचकांनी ही पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत असे कोणी विचारले तर मी गीयोमे यांचे प्रकरण प्रथम सुचवीन, मग वाळवंटाचे, आणि त्यानंतरच राजपुत्र. इंग्रजी ‘विंड, सँड अँड स्टार्स’मध्ये वादळावरचे एक प्रकरण आहे, ते मूळ फ्रेंच पुस्तकात नाही, वाळवंटाचे प्रकरण मात्र दोन्हींत आहे, इंग्रजीत त्याला ‘प्रिझनर ऑफ द सँड’ असे नाव दिलेले आहे. प्रेव्हो तेथे भेटतात.